बैलगाडा घाट व घरबसले प्रेक्षक

सामना घरीं दिसूं लागला कीं मैदान ओस पडतें, ही भीति निराधार नव्हे. इंग्लंडांत १९६० च्या दशकापासून शनिवारीं दुपारीं फुटबॉलचें थेट प्रक्षेपण बंद असतें, तें याच कारणास्तव. तेथील लहान क्लब तिकिटांवर जगतात. जुन्नर-आंबेगांवकडील बैलगाडा घाटांचा प्रकार निराळा. डिसेंबर २०२१ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें शर्यतींस सशर्त परवानगी दिल्यावर ते पुन्हां गजबजले. येथें एकेक गाडा घड्याळाशीं झुंजतो, बारी कांहीं सेकंदांत संपते. खरें बोलावयाचें तर, गर्दींतल्यापेक्षां ती यूट्यूबवरच स्पष्ट दिसते! यात्रा वर्गणीवर चालते, तेव्हां गल्ला बुडण्याचें भय नाहीं. परंतु मुंबईस चाकरी करणारा गांवकरी पडद्यावरच तृप्त झाला, तर वर्गणी तो मोबाईलवरून धाडील. पालखीस खांदा द्यावयास मात्र एक मनुष्य उणा पडेल.