परिणामकारक त्रिज्येचा हिशेब

नाशिक,
वैशाख शुद्ध तृतीया

चि. बाळ यास मामाचे अनेक आशीर्वाद.

तेलविहिरींच्या खात्यात रुजू होताच, भेग पाडलेल्या विहिरीची परिणामकारक त्रिज्या, म्हणजे तितकीच आवक देणाऱ्या बिनभेगेच्या विहिरीची त्रिज्या, कशी अजमावावी, असे तू विचारलेस याचा संतोष वाटला. माझी हयात भूजलाच्या दप्तरात गेली, तरी खडकाचा कायदा पाण्याला आणि तेलाला एकच असल्यामुळे हे लिहितो.

आपल्याकडचा शेतकरी आटलेल्या विहिरीचा घेर वाढवीत न बसता तळाशी आडवे बोअर मारतो, त्यात तुझ्या शास्त्राचे बीज आहे. आकड्यांत पाहा: प्रभावक्षेत्राची त्रिज्या १५० मीटर आणि उभ्या बोअरची साडेसात सेंटिमीटर धरली, तर त्यांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लघुगणक ७.६ येतो, आणि आवक त्याच्या व्यस्त प्रमाणात असते. बोअर दुप्पट रुंद केले तरी तो ६.९, म्हणजे लाभ जेमतेम दहा टक्के. परंतु दोन्ही अंगांना वीस वीस मीटर गेलेली, कोठेही अडथळा नसलेली भेग लाभली, तर मायकेल प्रॅट्स यांनी १९६१ साली दाखविल्याप्रमाणे परिणामकारक त्रिज्या एका अंगाच्या लांबीच्या निम्मी, म्हणजे दहा मीटर होते, लघुगणक २.७ वर उतरतो आणि आवक जवळजवळ तिप्पट होते.

‘अडथळा नसलेली’ या दोन शब्दांनी मात्र मला एकदा खजील केले. सिन्नरकडील एका गावी काळ्या पाषाणातल्या भेगा पाण्याच्या दाबाने मोकळ्या केल्यावर, लांबी गृहीत धरून मी त्रिज्येचा भरघोस आकडा दप्तरी चढविला. चैत्रात उपसा सुरू होताच पातळी झरझर उतरली, कारण भेग लांब असली तरी वाटेत मातीने बुजलेली होती.

म्हणून लांबीवरून त्रिज्या ठरवू नकोस. उपसा थांबवून दाब कसा चढतो ते पाहा, त्यावरून ‘स्किन’, म्हणजे बोअरलगतचा जादा किंवा उणा अडथळा दाखविणारा आकडा, काढ, आणि नैसर्गिक लघुगणकाचा पाया ई याचा, स्किनचे चिन्ह उलटवून मिळणारा घात घेऊन त्याने बोअरच्या त्रिज्येला गुण. वरील उदाहरणात स्किन उणे ४.९ येते. चाचणी मात्र घाईने आवरू नकोस, कारण आरंभी प्रवाह भेगेकडे सरळ रेषेत येतो, आणि तो चहूंकडून वर्तुळाकार येऊ लागण्यापूर्वी काढलेली स्किन फसवी असते.

पहिल्या चाचणीचा आलेख मला पाठव; आकडा मागाहून कळविलास तरी चालेल.

तुझा,
मामा