गोळी, झोप आणि येणारं स्थळ

मनू, काल फोनवर मावशी बाजूला होती, म्हणून तुला मोकळं बोलता आलं नाही हे कळलं मला. "ताई, लग्न ठरेपर्यंत गोळ्या बंद ठेवल्या तर चालेल का गं?" एवढं कुजबुजलीस आणि फोन ठेवलास. नाही चालणार. हे आधी सांगते, बाकीचं मग निवांत बोलू.

गोळी एकदम बंद केली की फिट परत येऊ शकते. कधी एकामागून एक येत राहतात आणि मधे शुद्धच येत नाही. असं झालं तर जिवावर बेतू शकतं. डोस कमी करायचा की गोळी बदलायची हे डॉक्टर ठरवतील, आणि तेही हळूहळू करतील. पाहुणे येणार त्या दिवशी डबी कुठे ठेवायची ते तू ठरव, पण गोळी वेळेवर पोटात गेलीच पाहिजे. उपास असला तरी. निर्जळी असली तरी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची. देवाला त्याचं काही वाटत नाही, आणि कुणी बोललंच तर माझं नाव सांग.

दादाच्या लग्नात तुला फिट आली तेव्हा जो तो आपापलं कारण सांगत होता. कुणी म्हणालं उपाशी होती, कुणी म्हणालं दृष्ट लागली. मला मात्र तू नंतर सांगितलेली गोष्ट जास्त महत्त्वाची वाटली. सकाळी उठल्यावर तुझ्या हातांना अचानक झटका बसतो, चहाचा कप उडतो, कंगवा हातातून सुटतो. शाळेत होतीस तेव्हापासून हे चाललंय आणि तेव्हापासून धांदरट म्हणून बोलणी खातेयस. अगं, तो धांदरटपणा नव्हताच. असे झटके क्षणभराचे असतात आणि शुद्ध जात नाही, म्हणून त्यांना कुणी आजार समजत नाही. तू डॉक्टरांना हे सांगितलंस, फार चांगलं केलंस. त्यावरूनच त्यांना कळलं की ही जुव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी आहे. ती बहुधा वयात येताना सुरू होते. आणि नेमका प्रकार कळणं फार गरजेचं असतं, कारण कार्बामॅझेपिनसारखी एक-दोन औषधं दुसऱ्या प्रकारच्या फिटला उत्तम लागू पडतात, पण या प्रकारात झटके वाढवू शकतात. म्हणून शेजारच्या कुणाची चिठ्ठी बघून तीच गोळी आणू नये.

माझ्या फिटची तऱ्हा वेगळी होती, तुला लहानपणी दिसली असेल. पोटातून काहीतरी वर चढत आल्यासारखं व्हायचं, समोर चाललेलं सगळं आधी कधीतरी घडून गेलंय असं वाटायचं, आणि मग मिनिटभर मी ओठ चाटत, पदराशी चाळा करत शून्यात बघत बसायची. पडणं नाही, तोंडाला फेस नाही. त्यामुळे ही फिट आहे हे कुणाच्या ध्यानातच येईना. वाड्यातल्या काकूंनी तर अंगात येतं म्हणून माझी ओटी भरली होती. मेंदूच्या एका कोपऱ्यातल्या पेशी एकदम, नको तेवढा विजेचा संदेश सोडतात, एवढंच त्यामागे असतं. कोपरा कुठला त्याप्रमाणे हात हलतो, नाहीतर वास येतो, नाहीतर भान हरपतं. ईईजी करतात ते हीच वीज बघायला. पण एक लक्षात ठेव: ईईजी चांगला आला म्हणजे आजार नाही असं होत नाही. डॉक्टर निदान करतात ते मुख्यतः पाहणाऱ्याने सांगितलेल्या हकिगतीवरून. म्हणून पुन्हा कधी झालंच तर कुणालातरी मोबाइलवर चित्रण करायला सांगून ठेव. लाज वाटली तरी सांग. माझं निदान माझ्या धाकट्या दिराने काढलेल्या अशा चित्रणावरून झालं.

आता झोपेचं. तुझ्या प्रकारात झोपेचं खोबरं झालं की फिट आलीच म्हणून समज. लग्नघरात दोन रात्री डोळ्याला डोळा नव्हता तुझा, आणि फिट आली ती पहाटेच. तेव्हा हरतालिकेची पूजा कर, कहाणी ऐक आणि जाऊन झोप. लग्नानंतर मंगळागौर होईल, झिम्मा खेळ, फुगड्या घाल, उखाणे घे, पण जागरण बाकीच्या करतील. हे सासरी आधीच सांगून ठेवायचं. मोबाइल बघत दोन दोन वाजेपर्यंत जागतेस तेही बंद.

स्कूटी सध्या नाही, डॉक्टर हो म्हणेपर्यंत. परसातल्या विहिरीवर एकटीने जायचं नाही. न्हाणीघराला आतून कडी नको. तळणीचं काम असेल तेव्हा कुणीतरी ओट्याजवळ असू दे. एवढं पाळलंस की बाकी नोकरी, शिवणक्लास, प्रवास, सगळं चालू ठेव.

आणि घरातल्या प्रत्येकाला, अगदी काकांनासुद्धा, हे शिकव. फिट आली की हातपाय दाबून धरायचे नाहीत. दातांत चमचा घालायचा नाही. जीभ गिळली जात नाही, चमच्याने दात मात्र तुटतात. कांदा नाही, चप्पल नाही, पाणी नाही. आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करायच्या, डोक्याखाली काहीतरी मऊ सरकवायचं, झटके ओसरले की कुशीवर वळवायचं म्हणजे लाळ बाहेर येते. आणि घड्याळ बघायचं. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. कांदा हुंगवून थांबली असं लोकांना वाटतं ते त्यामुळेच. ५ मिनिटं झाली तरी थांबली नाही, किंवा नीट शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली, तर १०८ ला फोन करायचा. अशा वेळी नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा मिळतो. तो तुझ्यासाठी घरी ठेवायचा का, हे डॉक्टरांना विचार.

स्थळाचं बोलते आता. मावशी म्हणते, "कळलं तर कोण करणार हिला?" तिची काळजी खरी आहे, तिच्यावर रागावू नकोस. पण लपवू नये हे माझं ठाम मत आहे. लपवलंस की गोळी चोरून घ्यावी लागते, चोरून घेताना चुकते, आणि चुकली की नेमकी सासरी फिट येते. कायद्याचंही ऐक. हिंदू विवाह कायद्यात पूर्वी अपस्माराचे, म्हणजे फिटचे, वारंवार झटके हे लग्नाच्या आड येणारं कारण होतं. १९९९ मध्ये ते काढून टाकलं. म्हणजे फिट येतात एवढ्यावरून तुझ्या लग्नाला कुणी हरकत घेऊ शकत नाही. पण महत्त्वाची गोष्ट लपवून फसवणूक केली, असा दावा मात्र होऊ शकतो. पहिल्या चहापोह्यालाच सांगायला हवं असं नाही. दोन्हीकडून पुढे जायचा विचार दिसला की मुलाला तू स्वतः सांग, आणि तुझ्या डॉक्टरांना भेटायला चल म्हण. जो येईल, त्याच्या घरी तुला गोळी उघड घेता येईल. पुण्यात यशोदा वाकणकरांनी सुरू केलेला 'संवेदना' नावाचा गट आहे. फिटचा त्रास असलेली माणसं तिथे एकमेकांना भेटतात, लग्नाच्या गोष्टीही निघतात. मावशीला घेऊन ये, मी बरोबर येईन.

मूल होणार नाही, झालं तर त्यालाही फिट येतील, असंही कुणीतरी तुझ्या कानावर घातलंय. फिट येणाऱ्या बहुतेक बायकांची बाळं निरोगी असतात, आणि आईला फिट म्हणजे बाळाला येणारच असं अजिबात नाही. औषध कुठलं चालू आहे ते मात्र फार महत्त्वाचं. व्हॅल्प्रोएट हे तुझ्या प्रकारावरचं जुनं आणि प्रभावी औषध, पण गरोदरपणी ते चालू असलं तर १०० बाळांतल्या सुमारे १० बाळांत जन्मतः व्यंग आढळतं, आणि ३० ते ४० मुलांची बुद्धी, बोलणं, वागणं यांची वाढ मागे पडू शकते. तुला लेव्हेटिरासिटाम दिलंय त्यामागे हा विचार आहे. त्याने चिडचिड होते काही जणींची. तुझी होत असेल तर मनात ठेवू नकोस, डॉक्टरांना सांग. आणि दिवस राहिल्यावर घाबरून गोळी सोडणं हे सगळ्यात वाईट, कारण मोठी फिट बाळालाही धोक्याची. त्याऐवजी आधीच भेटायचं, फॉलिक ॲसिड आधीच सुरू करायचं.

कायम घ्यावी लागेल का, हे तू विचारलं नाहीस, पण मनात असणार. दोन-तीन वर्षं फिट आली नाही की काहींची औषधं डॉक्टर हळूहळू थांबवतात. तुझ्या प्रकारात मात्र थांबवल्यावर परत येण्याचा संभव जास्त, म्हणून बरीच वर्षं घ्यावी लागेल असं धरून चाल. मीही घेतेच आहे. योग्य औषध मिळालं तर दर १० जणांतल्या ७ जणांच्या फिट थांबू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

पुढच्या वेळी तपासायला जाशील तेव्हा मावशीला बाहेर बाकावर बसवू नकोस, आत ने. सकाळचे झटके कमी झाले का, पाळीच्या आसपास वाढतात का, हे तारखेनिशी लिहून ने. आणि लग्न ठरतंय हे डॉक्टरांना स्वतःहून सांग, म्हणजे पुढच्या गोळीचा विचार ते त्या हिशेबाने करतील.