ट्रॅक्टरखाली गेलेला ठसा

प्रश्न : मी तळेगावला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात कामाला आहे. तिथल्या कोरियन साहेबांनी सुचवलं म्हणून 'मेमरीज ऑफ मर्डर' हा चित्रपट घरी बसून पाहिला. दोन-सव्वादोन तास जागचा हललो नाही आणि शेवटी खुनी सापडतच नाही! डोकंच भणाणलं. दुसऱ्या दिवशी साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, "गोष्ट खरी आहे आणि तो माणूस नंतर सापडला." नेमकं काय घडलं? आपल्या महाराष्ट्रात असा खुनी पोलिसांनी कधी शोधून काढला आहे का? सासरे चिंचवडचे, ते विषय निघाला की लगेच जोशी-अभ्यंकर म्हणतात. ते प्रकरण यात बसतं का?
— एक वाचक, रावेत

उत्तर : साहेब खरं बोलले. बाँग जून-हो यांचा हा चित्रपट 2003 सालचा, आणि त्यातलं गाव ह्वासाँग. 1986 ते 1991 या काळात त्या परिसरात दहा मुली-बायकांचे खून झाले. तेव्हा तिथे भातखाचरं, कालवे आणि रात्री दिवा नसलेल्या पायवाटा होत्या. आज त्याच ह्वासाँगमध्ये किआचा कारखाना आहे, ह्युंदाईचं संशोधन केंद्र आहे आणि लोकवस्ती दहा लाखांच्या घरात गेली आहे. तुमच्या साहेबांपैकी कुणी त्याच भागात उमेदवारी केली असेल तर नवल नाही. पवनेच्या काठची शेतं जाऊन टॉवर उभे राहिलेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना त्या चित्रपटातलं गाव फार परकं वाटू नये.

चित्रपटात सुरुवातीलाच एक प्रसंग आहे, तो तुम्हाला आठवत असेल. शेताच्या बांधावर प्रेत सापडलंय. बघ्यांची ही गर्दी. पोरं इकडून तिकडे पळतायत, साहेब लोक बांधावरून घसरून पडतायत. मातीत बुटाचा एकच चांगला ठसा उमटलाय, पोलिसाने त्याभोवती रिंगण आखलंय आणि समोरून एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन येतोय. हवालदार ओरडतोय, हात हलवतोय, पण ट्रॅक्टर सरळ ठशावरून निघून जातो. हा सगळा प्रसंग मध्ये न तोडता एका दमात चित्रित केला आहे आणि बघताना हसू येतं. माझ्या मते चित्रपटाचं सगळं सार याच प्रसंगात आहे. पुढे तर ही माणसं स्वतःच खोटा ठसा उमटवतात.

नायक पार्क दू-मान याची घमेंड अशी की, मला माणसाच्या डोळ्यांत बघून गुन्हेगार ओळखता येतो. म्हणून तो पुरावा शोधायच्या आधी माणूस शोधतो. मतिमंद मुलगा सापडला, धरा. झोडपा, वदवून घ्या. सोलहून आलेला दुसरा अधिकारी कागदपत्रांवर भरवसा ठेवणारा, पण अखेरीस तोही हात उगारतो. एका रात्री जादा कुमक मागितली जाते, तर ती मिळत नाही, कारण पोलीस निदर्शनं मोडायला गेलेत. त्या वेळी तिथे चुन दू-ह्वान यांची लष्करी राजवट होती.

प्रत्यक्षात काय झालं ते ऐका. 2019 मध्ये जुन्या, जपून ठेवलेल्या कपड्यांची नव्याने डीएनए तपासणी झाली आणि ती ली चुन-जे नावाच्या माणसाशी जुळली. तो कुठे होता? तुरुंगात! मेहुणीवर बलात्कार करून तिचा खून केल्याबद्दल 1994 पासून तो आत होता आणि जन्मठेप भोगत होता. त्याने चौदा खून कबूल केले. पण खरी चीड आणणारी गोष्ट पुढे आहे. खून चालू होते त्या काळात पोलिसांनी याच माणसाची चौकशी केली होती. एकदा नव्हे, अनेकदा. मात्र खुन्याचा रक्तगट 'बी' आहे, असं त्यांनी धरून ठेवलं होतं आणि याचा निघाला 'ओ'. सोडून दिला.

आणि आठव्या खुनासाठी भलताच माणूस आत गेला होता. पोलिओने अधू झालेला एक तरुण, मारून कबूल करायला लावलेला. जवळजवळ वीस वर्षं तुरुंगात काढून तो 2009 मध्ये बाहेर आला आणि डिसेंबर 2020 मध्ये न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवलं. म्हणजे चित्रपटात जे अंगावर येतं, ते दिग्दर्शकाने तिखटमीठ लावलेलं नव्हतं. लीवर मात्र त्या खुनांचा खटला चाललाच नाही. कोरियात तेव्हा खुनाच्या गुन्ह्याला पंधरा वर्षांची मुदत होती आणि शेवटच्या खुनाची मुदत 2006 मध्येच संपली होती. ही मुदत त्यांनी पुढे 2015 मध्ये काढून टाकली. आपल्याकडे असं होत नाही. तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षा असलेल्या गुन्ह्याला आपल्या कायद्यात मुदत नाही, त्यामुळे खुनाचा खटला चाळीस वर्षांनीही उभा राहू शकतो.

आता आपल्याकडचं.

तुम्ही विचारताय तसा शोध महाराष्ट्रात झाला आहे आणि त्याचा शेवट तुमच्यापासून फार लांब नाही, येरवड्यात झाला. माणसाचं नाव रामन राघव. 1965-66 मध्ये मुंबईच्या पूर्व उपनगरांत, जुन्या जीआयपी रेल्वेमार्गाच्या कडेने झोपड्यांत आणि उघड्यावर झोपलेल्या लोकांवर रात्री हल्ले होऊ लागले. कठीण, बोथट वस्तूने डोक्यावर घाव. एकोणीस जणांवर हल्ला झाला, त्यांतले नऊ मेले. त्या भागात घुटमळणाऱ्या एका माणसाला पोलिसांनी हटकून ताब्यात घेतलंही. दरोड्याच्या गुन्ह्यात त्याने पाच वर्षं शिक्षा भोगली होती, म्हणजे पोलिसांच्या दप्तरी त्याची नोंद होतीच. पण वाचलेल्यांपैकी कुणालाच हल्लेखोराचा चेहरा सांगता येत नव्हता, पुरावा नव्हता, म्हणून तो सुटला. ह्वासाँगमध्ये वीस वर्षांनी जे होणार होतं, तेच!

1968 मध्ये पुन्हा सुरू झालं, या वेळी उत्तरेकडच्या उपनगरांत. मरणारे सगळे गरीब, बिनदाराच्या झोपडीतले. मुंबईत अफवांना ऊत आला. खुनी मांजराचं रूप घेतो इथपासून काय वाटेल ते लोक बोलत होते आणि नुसत्या संशयावरून भिकाऱ्या-भटक्यांना मार पडत होता. तपासाची सूत्रं गुन्हे शाखेचे उपायुक्त रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे आली. त्यांनी जुने कागद बाहेर काढले. दोन वर्षांपूर्वी धरून सोडलेला तो माणूस, त्याचा फोटो, त्याच्या बोटांचे ठसे. फोटो आणि वर्णन ठाण्याठाण्यांत गेलं.

27 ऑगस्ट 1968. उपनिरीक्षक ॲलेक्स फियाल्हो यांना डोंगरी भागात फोटोतल्यासारखा एक माणूस दिसला आणि त्यांनी त्याला धरला. त्याच्याजवळ निघालेल्या वस्तूंची यादी मला नेहमी बेचैन करते : एक चष्मा, दोन कंगवे, कात्री, उदबत्तीचं घर, साबण, लसूण, चहाची पूड आणि गणिताचे आकडे लिहिलेले दोन कागद. अंगावरच्या बुशशर्टावर आणि खाकी अर्ध्या चड्डीवर रक्ताचे डाग. नाव विचारलं तर रामन राघव म्हणाला. ठसे ताडून पाहिले तेव्हा हाच दप्तरातला सिंधी दलवाई हे पक्कं झालं. डोळ्यांत बघून कुणी काही ओळखलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी कुठल्याशा कंटाळलेल्या कारकुनाने नीट फाइल लावून ठेवली होती, एवढंच.

पुढे तो तोंड उघडेना. शेवटी म्हणाला, कोंबडी खायला घाला. घातली. मग त्याने घडाघडा सांगायला सुरुवात केली आणि एकूण 41 खून कबूल केले. हा किस्सा सगळेच चवीने सांगतात, पण एक गोष्ट बहुतेकजण गाळतात. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आपल्या न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. तो दंडाधिकाऱ्यासमोर, रीतसर नोंदवावा लागतो, आणि इथे तसा तो नोंदवला गेला. ह्वासाँगच्या त्या अधू तरुणाची गोष्ट वाचल्यावर हा नियम कशासाठी आहे हे वेगळं समजावून सांगायला नको.

तुम्हाला वाटेल, धरला म्हणजे संपलं. कोरियन चित्रपट जिथे अडतो, तिथून रामन राघवची गोष्ट सुरू होते. 1969 मध्ये खटला उभा राहिला. बचावाचे वकील म्हणाले, अशील वेडा आहे. पोलीस सर्जनने जवळजवळ महिनाभर निरीक्षण करून सांगितलं, स्मरणशक्ती ठीक, बुद्धी सर्वसाधारण, वेडा नाही. बचावाच्या मानसोपचारतज्ज्ञाचं म्हणणं, हा जुनाट स्किझोफ्रेनिया आहे. आपण मारतोय हे याला कळतं, पण ते गैर आहे हे कळत नाही. फाशी झाली. त्याने या शिक्षेवर अपील करायलाही नकार दिला. मात्र फाशीवर उच्च न्यायालयाची मोहोर लागते, आणि ती लावण्याआधी न्यायालयाने तीन मानसोपचारतज्ज्ञांचं मंडळ नेमायला सांगितलं. मंडळ त्याला पाच वेळा भेटलं, दर वेळी सुमारे दोन तास. शेवटच्या भेटीत निरोप घेताना डॉक्टरांनी हस्तांदोलनासाठी हात पुढे केला. त्याने हात दिला नाही. मी 'कानून'चा प्रतिनिधी आहे, या दुष्ट जगातल्या माणसांना शिवणार नाही, असं त्याचं म्हणणं पडलं.

मंडळाने तो मनोरुग्ण असल्याचं सांगितलं आणि अखेर फाशीची जन्मठेप झाली. येरवड्याच्या तुरुंगात तो राहिला, पुण्यातच त्याच्यावर मानसोपचार झाले. सुधारण्याची आशा नाही, हे उच्च न्यायालयाच्या 1987 च्या निकालातही कायम राहिलं. 1995 मध्ये मूत्रपिंडाच्या आजाराने ससूनमध्ये त्याचा मृत्यू झाला. मुंबईला हादरवणाऱ्या या माणसाने आयुष्याचा मोठा भाग पुण्यात काढला, हे पुणेकरांच्या गावीही नसतं.

कारण पुण्याच्या मनात दुसरंच नाव बसलं आहे. तुमच्या सासऱ्यांचं.

जानेवारी 1976 ते मार्च 1977 या सव्वा वर्षात दहा खून झाले. टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयातल्या जक्कल, सुतार, जगताप आणि शाह या विद्यार्थ्यांनी ते केले. पहिला बळी त्यांचाच एक वर्गमित्र. मग विजयानगर कॉलनीतलं जोशी कुटुंब, आणि 1 डिसेंबर 1976 च्या रात्री भांडारकर रस्त्यावरच्या बंगल्यात संस्कृतचे प्रकांड पंडित काशीनाथशास्त्री अभ्यंकर यांच्यासह पाच जण. तेव्हाचं पुणं सात वाजता दारं लावून घ्यायचं, हे सासऱ्यांनी तुम्हाला सांगितलंच असेल. दोरी नायलॉनची, गळफास देण्याची तऱ्हा तीच. तरी मी हे प्रकरण तुमच्या प्रश्नात अर्धंच बसवीन. ही टोळी होती, घरात शिरून पैसाअडका लुटणारी, आणि खून हे साक्षीदार मागे न ठेवण्याचं साधन. निदान सुरुवातीला तरी. पुढेपुढे लूट किती क्षुल्लक आणि क्रौर्य किती, हे प्रमाण पाहिलं की माझी स्वतःचीच विभागणी डळमळते.

इथेही उलगडा हुशारीच्या झटक्याने झाला नाही. शेवटच्या बळीचं प्रेत लोखंडी शिडीला बांधून, दगड लावून बंडगार्डनपाशी नदीत सोडलं होतं. ते दुसऱ्याच दिवशी येरवड्याजवळ वर आलं. मग मित्रमंडळींची चौकशी सुरू झाली, आणि एकाची जबानी दुसऱ्याशी जुळेना. सहायक पोलीस आयुक्त मधुसूदन हुल्याळकर यांच्या पथकाने तो धागा सोडला नाही. 30 मार्चला अटक झाली. एक साथीदार माफीचा साक्षीदार झाला, आणि चौघांना 27 नोव्हेंबर 1983 रोजी येरवड्यात फाशी झाली. म्हणजे काही वर्षं रामन राघव आणि हे चौघे एकाच तुरुंगाच्या भिंतीआड होते.

आता तुमच्या रावेतपुरतं. पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय 15 ऑगस्ट 2018 पासून आहे. त्याआधी शहर पुण्याच्या आयुक्तांकडे आणि देहूरोड, तळेगाव, चाकण पुणे ग्रामीणकडे, अशी फाळणी होती. दर वर्षी भाड्याची खोली बदलणारी हजारो माणसं असलेल्या पट्ट्यात हद्दी आणि कागद एका छताखाली येणं याला फार महत्त्व आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या संहितेत सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं सक्तीचं केलं आहे, मात्र राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंतची मुभा आहे. तोवर, सोसायटीत काही विपरीत घडलं तर मोबाइल काढून आत घुसू नका आणि बघ्यांनाही घुसू देऊ नका. भाडेकरूची माहिती पोलिसांना देण्याचा कंटाळाही करू नका.

उपप्रश्न : असेच आणखी चित्रपट सुचवाल का? आणि घरच्यांबरोबर पाहण्याजोगे आहेत का?

उत्तर : ना हाँग-जिन यांचा 'द चेसर' (2008) जरूर पाहा. 2003-04 मध्ये सोलमध्ये वीस खून केलेल्या यू याँग-चुलच्या प्रकरणावरून तो सुचला आहे. तिथे खुनी लवकरच हाती लागतो आणि पोलिसांना त्याला डांबून ठेवता येत नाही, त्यामुळे धाप वेगळीच लागते. 'आय सॉ द डेव्हिल' (2010) मी सुचवणार नाही. तंत्र उत्तम, पण रक्तपात बघण्यासाठीच रक्तपात. आपल्याकडचा श्रीराम राघवन यांचा 1991 चा 'रामन राघव' मिळाला तर सोडू नका, रघुवीर यादव यांनी त्यात कमाल केली आहे. अनुराग कश्यपचा 2016 चा 'रामन राघव 2.0' चांगला आहे, पण तो त्या माणसाचा चित्रपट नव्हे, फक्त नाव घेतलेलं. जोशी-अभ्यंकर प्रकरणावरचा 'माफीचा साक्षीदार' नाना पाटेकरसाठी पाहावा. यांतला एकही लहान मुलांसमोर लावू नका, आणि सासऱ्यांना शेवटचा दाखवायचा असेल तर आधी विचारून घ्या.