तळ्याचा गाळ थरांसकट वर काढूया

लोणारच्या सरोवरातून काढलेल्या सुमारे 10 मीटर गाळात 11,000 वर्षांचा पावसाळा वाचता आला. रोह्याजवळ वरसे परिसरात आपला तुकडा हातभरच निघेल, पण काळजी तेवढीच घ्यायची. मे महिना गाठा. सोबत मीटरभर लांब दोन इंची पीव्हीसी पाइप, दोन रबरी बुचं, तंगूस आणि मेजपट्टी घ्या.

1. ग्रामपंचायतीची परवानगी काढा.

2. गाळ शेवटचा कधी उपसला, हे जुन्या माणसांना विचारा. नुकताच उपसला असेल तर वरचे थर गेलेच. दुसरं तळं बघा.

3. मध्याकडची, कमरेइतक्या पाण्याची जागा निवडा. विसर्जनाचा कोपरा टाळा. पेणच्या मूर्तींची शाडू तळाशी बसते आणि चक्क नैसर्गिक थरासारखी दिसते!

4. लाइफ जॅकेट घाला. पाय रुतले तर ओढायला काठावर दोरी धरून कुणीतरी हवंच.

5. पाइप उभा धरून सावकाश दाबा. ठोकू नका, पिळू नका. थर कालवले जातात.

6. वरचं तोंड पाण्याखाली गेलं की तिथेच बूच बसवा. आत हवा राहिली तर गाळ निसटतो.

7. पाइप सरळ वर ओढा. घाई अजिबात नको.

8. खालचं तोंड पाण्यातच असताना दुसरं बूच लावा. सगळी मेहनत वाया जाते ती इथे, म्हणून हात आधीच खाली तयार ठेवा.

9. पाइपवर वरच्या दिशेचा बाण काढा.

10. घरी उभाच न्या. रिक्षात आडवा ठेवलात तर वरचा मऊ गाळ पसरतो.

11. रात्रभर उभा ठेवून वरचं पाणी बारीक नळीने ओढून घ्या.

12. पाइप दोन्ही बाजूंनी उभा चिरा, फक्त प्लास्टिक. पातं आत जाऊ देऊ नका.

13. तंगूस ताणून गाळाचे दोन उभे भाग करा.

14. पृष्ठभाग आडवा खरवडा. उभा खरवडलात तर एका थराची माती दुसऱ्यावर जाते.

15. मेजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा. आता रंग बघा. अँडीजच्या तळ्यांत हिमनदीने दळलेलं राखाडी पीठ सापडतं. बर्फ मागे हटला की त्यावर काळपट, सेंद्रिय गाळ बसतो. तुमच्याकडे तांबडा पट्टा दिसला तर डोंगरावरून माती वाहून आली असावी.

16. एका भागाचे वरून खाली 1 सेंटिमीटरचे काप करा. पाइपला चिकटलेली कड सोडा.

17. प्रत्येक कापातला थोडा गाळ 105 अंशांवर रात्रभर वाळवून तोला.

18. कॉलेजच्या भट्टीत 550 अंशांवर 4 तास जाळा.

19. पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा तोला. 2 ग्रॅमचे 1.8 उरले, तर 10 टक्के सेंद्रिय भाग जळाला.

20. दुसरा भाग प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. गोठवू नका, आणि बाण त्यावरही काढा.