पाण्यात मूळ का कुजते?

लातूर-नांदेडकडच्या उन्हाळ्यात काचेच्या बरणीतील ऑर्किडची मुळे तपकिरी व लिबलिबीत झाली, की दोष पाण्याला दिला जातो. खरे कारण मात्र प्राणवायूची टंचाई हे असते.

शोभेची बहुतेक ऑर्किडे निसर्गात झाडांच्या खोडांवर वाढतात. त्यांच्या मुळांवर स्पंजासारखे आवरण असते. त्याला व्हेलामेन म्हणतात. ते पाऊस झटकन शोषते व वाऱ्यावर सुकते. बरणीत ते सतत भिजलेले राहते. एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. २५ अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात जेमतेम ८ आणि ३५ अंशांना सुमारे ७! उलट, उष्णतेने मुळांचे श्वसन वाढते. गुदमरलेल्या पेशी मरतात आणि बुरशी व जीवाणू आत शिरतात.

अशा वेळी ज्योतीवर तापवून गार केलेल्या कात्रीने कुजका भाग कापा. टणक मुळे राखा. रोप एक दिवस सावलीत सुकू द्या. पुढे मुळे पंधरा-वीस मिनिटे भिजवून पाणी ओतून टाका. हिरवी मुळे रुपेरी दिसू लागली, की पुन्हा भिजवा.

काळ्या जमिनीत पाणी साचल्यावर तूर पिवळी पडते, त्यामागेही हीच गुदमर असते. म्हणूनच तेथे रुंद वरंबा-सरी पद्धतीने पेरणी करतात.