लस, विषाणू आणि वारसा

पिसाळलेला कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत, हे जुन्या पिढीच्या चांगले स्मरणात आहे. ही लस डेव्हिड सेम्पल यांनी 1911 साली कसौली येथे सिद्ध केली. मद्रास इलाख्यात, म्हणजे आजच्या चेन्नईसह दक्षिण भारतात, ती कुन्नूरच्या पाश्चर संस्थेतून पुरविली जाई. मेंढीच्या मेंदूत रेबीजचे विषाणू वाढवावयाचे व फिनॉलने ते निष्प्रभ करावयाचे, अशी तिची कृती होती. तिने असंख्य जीव वाचविले. परंतु लस घेतलेल्यांपैकी मोजक्या लोकांचे पाय काही दिवसांतच लुळे पडत, काही दगावतही.

हा रेबीज नव्हता. न्यूयॉर्क येथे टॉमस रिव्हर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1933 साली माकडांना निरोगी सशांच्या मेंदूचा अर्क वारंवार टोचला. विषाणूचा लवलेश नसतानाही काही माकडांना लकवा झाला. दोष लशीतील मेंदूच्या ऊतकाचाच होता. मज्जातंतूंभोवतीचे मायलिनचे वेष्टन मेंढीत व माणसात पुष्कळसे सारखे असते. परके समजून त्यावर चालून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी अखेर स्वतःच्याच मज्जासंस्थेत दाह निर्माण करतात.

मग तो सर्वांनाच का होत नसे? प्रयोगशाळेत असाच अर्क टोचला असता लुईस जातीचे उंदीर लुळे पडतात, ब्राउन नॉर्वे जातीचे सहसा धडधाकट राहतात. या फरकामागे जी जनुके आहेत, त्यांत प्रथिनाचा कोणता तुकडा पांढऱ्या पेशींपुढे मांडावयाचा हे ठरविणारी जनुके महत्त्वाची आहेत. माणसात ती सहाव्या गुणसूत्रावर असतात.

माणसांतील उदाहरण आपल्या मुंबईचेच आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस हा मायलिनचाच रोग भारतात विरळ. परंतु नोशीर वाडिया यांनी 1990 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पारशी समाजात त्याचे प्रमाण लाखामागे वीसहून अधिक आढळले. हवापाणी तेच, वारसा मात्र निराळा.

वारसा असूनही बहुतेक जण निरोगीच राहतात, तेव्हा ठिणगीही हवी. अमेरिकन सैन्यातील एक कोटींहून अधिक तरुणांच्या 2022 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 955 जणांना हा रोग झाल्याचे दिसले. एप्स्टाइन-बार विषाणूच्या संसर्गानंतर धोका 32 पटींनी वाढला होता. या विषाणूच्या एका प्रथिनाचा तुकडा मेंदूतील एका प्रथिनासारखा दिसतो. जगातील बहुतेक प्रौढांना हा विषाणू कधी ना कधी गाठतोच. भारतात तो बहुधा बालपणीच, गाजावाजा न करता येऊन जातो. किशोरवयात प्रथमच गाठून ज्यांना ग्रंथिज्वर होतो, त्यांचा धोका अधिक असतो.

मेंढीच्या मेंदूची लस भारतात 2004 अखेर बंद झाली. आताच्या लशीसाठी विषाणू पेशीसंवर्धनात वाढवितात; तिच्यात मेंदूचे ऊतक नसते.