माणसाचा कृमी, गुरांचा कृमी आणि त्यांचा संकर

संकर हा शब्द शेतकरी बंधूंना आता नवा राहिलेला नाही. संकरित ज्वारी, संकरित बाजरी, संकरित गाय यांचा परिचय होऊन बराच काळ लोटला. दोन भिन्न वाणांचे गुण एकत्र आले म्हणजे संततीत पुष्कळदा अधिक जोम येतो, हे त्यांनी आपल्या शेतावर व गोठ्यात पाहिले आहे. कोणाचा संकर कोणाशी करावयाचा हे तेथे आपण ठरवितो. परंतु निसर्गात संकर होण्यास कोणाच्या संमतीची गरज लागत नाही. माणसाच्या रक्तात राहणारा एक कृमी आणि गुरांच्या रक्तात राहणारा त्याचा भाऊबंद यांचा असा संकर आफ्रिकेत झालेला आहे. तो ज्या ठिकाणी झाला ते ठिकाण म्हणजे माणसे आणि जनावरे यांचा सामाईक पाणवठा होय.

या कृमींस शिस्टोसोमा म्हणतात. १८५१ साली कैरो येथे थिओडोर बिलहार्झ या जर्मन वैद्यास शवविच्छेदन करीत असता हा कृमी प्रथम आढळला, म्हणून रोगासही बिलहार्झिया असे नाव पडले. यकृतातील चपट्या कृमीत नर व मादी एकाच देहात असतात. शिस्टोसोमात मात्र ते वेगळे असतात. नराच्या अंगाला लांब पन्हळ असते, तीत तो मादीला धरून ठेवतो व हे जोडपे वर्षानुवर्षे रक्तवाहिनीत राहते. खरा उपद्रव कृमीचा नसून त्याच्या अंड्यांचा असतो. काही अंडी मूत्राशयाची किंवा आतड्याची भिंत फोडून बाहेर पडतात. उरलेली तेथेच रुतून बसतात, जखमा करतात, आणि कालांतराने तो अवयव निकामी होऊ लागतो.

मूत्रातून किंवा शेणातून अंडे गोड्या पाण्यात पडले की ते फुटून एक सूक्ष्म डिंभ बाहेर येतो. एखाद्या दिवसाच्या आत योग्य जातीची गोगलगाय मिळाली नाही तर तो मरतो. मिळाली तर तिच्या अंगात त्याची अफाट वाढ होते व काही आठवड्यांनी दुभंगलेल्या शेपटीचे हजारो डिंभ पाण्यात बाहेर पडू लागतात. पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या अगर जनावराच्या कातडीतून ते थेट आत शिरतात. पाणी पिण्याचीही आवश्यकता नसते. म्हणून पाणी गाळून प्यावे हा एरवी उत्तम असलेला सल्ला येथे पुरा पडत नाही.

आफ्रिकेत मूत्राशयाचा रोग करणारी जात हीमॅटोबियम होय. गुरे, मेंढ्या व शेळ्या यांच्या आतड्याच्या रक्तवाहिन्यांत राहणारी जात बोव्हिस. एक माणसाची, दुसरी जनावरांची, असा विभाग फार काळ मानला जात असे. वास्तविक या दोहोंस ब्युलिनस नावाच्या गोगलगायींचा आश्रय लागतो. कृमींचे नर व मादी प्रथम यकृताच्या रक्तवाहिन्यांत भेटतात आणि नंतर आपापल्या जागी जातात. एकाच शरीरात दोन्ही जातींचे डिंभ शिरले तर तेथे परजातीची जोडीही जमू शकते.

सेनेगल नदीच्या खोऱ्यात या गोष्टीस अनुकूल परिस्थिती निर्माण झाली. १९८६ साली दियामा येथील बंधारा पुरा झाला. समुद्राचे खारे पाणी नदीत चढणे थांबले, आणि भात व ऊस यांस बारमाही गोडे पाणी मिळू लागले. लाभ मोठा होता, यात शंका नाही. पण कालव्यांत पाणवनस्पती माजल्या, त्यांवर गोगलगायी पोसल्या, आणि गोगलगायी खाणारी नदीतील मोठी कोळंबी कमी झाली, कारण तिच्या पिलांना वाढीसाठी मचूळ पाणी लागते व बंधाऱ्याने तो मार्ग अडला. १९८८ साली रिशार-तोल या उसाच्या गावी आतड्याच्या बिलहार्झियाचे रोगी आढळले आणि थोड्याच वर्षांत रोग सर्वत्र पसरला. पाटबंधाऱ्याच्या आराखड्यात गोगलगायीला स्थान नसते. तिचा हिशोब मागाहून करावा लागतो.

याच खोऱ्यातील शाळकरी मुलांच्या तपासणीतून २००९ साली एक विलक्षण गोष्ट प्रसिद्ध झाली. मुलांच्या मूत्रातील कृमींत माणसाच्या आणि गुरांच्या कृमीचे आनुवंशिक द्रव्य मिसळलेले होते. पुष्कळदा अंड्याच्या आकारावरून संशयही येत नाही. मातेकडून येणारा वारसा तपासला म्हणजे तो गुरांच्या कृमीचा निघतो.

पुढे हा संकर समुद्र ओलांडून गेला. फ्रान्सच्या कोर्सिका बेटावरील काव्हू नदीत २०१३ साली स्नान केलेल्या लोकांस लघवीतून रक्त जाऊ लागले. २०१४ साली निदान झाले व रोग्यांची संख्या शंभरावर गेली. कृमीचे मूळ सेनेगलकडील असल्याचे दिसून आले. त्याचे सुमारे ७७ टक्के आनुवंशिक द्रव्य हीमॅटोबियमचे व २३ टक्के बोव्हिसचे होते. बेटावरील जनावरे तपासली असता त्यांत हा कृमी मिळाला नाही. म्हणजे तो माणसांतूनच पसरत होता. ब्युलिनस गोगलगाय मात्र त्या नदीत आधीपासून हजर होती.

असे संकर नित्य होत असतात काय, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहे. नायजरमधील कृमींच्या तपासणीवरून (२०१९) तेथील मिश्रण शंभराहून अधिक पिढ्यांपूर्वीचे असावे असे दिसते. गुरांच्या कृमीकडून आलेला एक विशिष्ट अंश तेथील माणसाच्या कृमीत टिकून पसरला, हे विशेष; तो कृमीच्या उपयोगी पडला असावा. प्रयोगशाळेत संकरज कृमी काही बाबतींत जनकांहून जोमदार आढळले आहेत. माणसांना प्राझिक्वांटेल हे औषध द्यावे व काम संपले असे समजावे, ही पद्धत अशा ठिकाणी अपुरी ठरण्याचा संभव आहे. गुरांतील साठा तसाच राहिला तर तिकडून काय येईल याचा भरवसा नाही.

आपल्याकडे माणसातील हा रोग जवळजवळ नाही व ब्युलिनस गोगलगायही आपल्या पाण्यात राहत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावी मात्र १९५२ साली डॉ. गाडगीळ व डॉ. शाह यांना मूत्राशयाच्या बिलहार्झियाचे केंद्र सापडले. तेथे एका निराळ्याच, अगदी लहान गोगलगायीवर संशय धरला गेला. या उदाहरणावरून निश्चिंत राहणे बरे नाही, इतके समजते.

गुरांतील शिस्टोसोमा तर आपल्याकडे घरचेच आहेत. त्यांपैकी नाकातील जात शेतकऱ्याच्या परिचयाची असते, नाव ठाऊक नसले तरी. बैल घोरल्यासारखा श्वास घेतो, नाकातून घट्ट, कधी रक्तमिश्रित शेंबूड गळतो, आणि नाकपुडीत फुलकोबीसारखी मांसल वाढ दिसते. म्हशींत लागण असूनही ही लक्षणे पुष्कळदा उमटत नाहीत, म्हणून म्हैस निरोगी समजली जाते आणि अंडी पसरवीत राहते. जनावर पाणी पिताना शेंबूड पाण्यात पडतो, त्याबरोबर अंडीही पडतात. चकलीसारखी सपाट वेटोळी असलेली इंडोप्लॅनॉर्बिस ही गोगलगाय तळ्यात, डबक्यात व भातखाचरात सर्वत्र असते. तीच या कृमीचा आश्रय होय. गुरांच्या कृमींचे डिंभ लावणी करणाऱ्यांच्या पायांतही शिरतात. ते तेथे मरतात, पण कातडीस खाज व पुरळ येते. लावणीतील प्रत्येक खाज यामुळेच येते असे नव्हे. चिखल व खते यांचाही त्यात भाग असतो.

सेनेगलमधील गावांत पाणवठ्यावरील पाणवनस्पती काढून टाकण्याचा प्रयोग झाला (२०२३ साली प्रसिद्ध). गोगलगायी घटल्या, मुलांतील पुन्हा होणारी लागण कमी झाली, आणि काढलेल्या वनस्पतींचे कंपोस्ट व जनावरांचे खाद्य झाले. आपल्या तळ्यांतही हे काम करता येण्यासारखे आहे. मात्र ते करणाऱ्याने गुडघाभर पाण्यात उघड्या पायांनी उतरू नये, काठावरून दाताळ्याने ओढावे. मोरचूद टाकल्याने गोगलगायी मरतात, पण मासेही मरतात, म्हणून तळ्यात तो परस्पर टाकू नये. शक्य असेल तेथे गुरांसाठी तळ्यापासून दूर हौद बांधून त्यात विहिरीचे पाणी भरावे. घोरणाऱ्या बैलास तळ्यावर न नेता पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे व त्याच्या नाकातील स्राव तपासून घ्यावा; सूक्ष्मदर्शकाखाली वाकड्या, टोकदार अंड्यांवरून रोग ओळखता येतो.